सूर्याच्या कमानींची आंदोलने कशी मोजावीत : गावातून सुरुवात करणाऱ्यांसाठी

सूर्याच्या बाहेरच्या वातावरणातील चुंबकीय लहरी आपल्याला मोजता येतात, असे आमच्या शाळेतल्या मुलांना पहिल्यांदा सांगितले तेव्हा मागच्या बाकावरून एकाच मुलाने प्रश्न केला : "सर, दुर्बीण कुठून आणायची?" प्रश्न रास्त होता, पण उत्तर ऐकून त्याचा चेहरा उतरला. या कामाला दुर्बीण लागत नाही आणि कुणी आणून दिली तरी तिचा उपयोग होत नाही. सूर्याचे बाहेरचे वातावरण, म्हणजे प्रभामंडळ (अनेक जण त्याला कोरोनाही म्हणतात), सूर्याच्या तेजस्वी बिंबाच्या तुलनेत सुमारे दहा लाख पटींनी अंधूक असते. निरभ्र दिवशी आभाळाचा निळा उजेडही त्याला सहज झाकून टाकतो. नुसत्या डोळ्यांना ते फक्त खग्रास ग्रहणाच्या काही मिनिटांतच दिसते. २२ जुलै २००९ च्या ग्रहणाचा खग्रास पट्टा सुरत, इंदूर, भोपाळ, पाटणा असा गेला, त्यामुळे विदर्भाच्या वाट्याला खंडग्रास ग्रहण आले. भारतभूमीवर यानंतरचे खग्रास ग्रहण २० मार्च २०३४ ला असून तेही काश्मीर-लडाखच्या बाजूला दिसेल.

सुदैवाने प्रभामंडळ इतके तापलेले आहे की ते स्वतःच अतिनील किरणांत झळकते. त्यातल्या तप्त वायूच्या कमानी या किरणांत दिसतात आणि त्या डोलू लागल्या की लहर मोजता येते. सूर्याच्या दृश्य पृष्ठभागाचे तापमान सुमारे साडेपाच हजार अंश सेल्सिअस असते, तर त्यावरच्या प्रभामंडळाचे दहा ते वीस लाख अंश. हे अतिनील किरण पृथ्वीचे वातावरण शोषून घेते, म्हणून त्यांची छायाचित्रे उपग्रहांनीच काढावी लागतात. ती छायाचित्रे मात्र सर्वांसाठी खुली आहेत. यवतमाळ जिल्ह्यातल्या एखाद्या गावात, रात्री लाइट असेल तेवढ्या वेळात, जुन्या संगणकावर बसून हे काम करता येते. ते कसे करावे, एवढाच या लेखाचा विषय आहे. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो : या सगळ्या खटाटोपात सूर्याकडे प्रत्यक्ष पाहण्याची वेळ कधीही येत नाही. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच किंवा ताटातल्या पाण्यातले प्रतिबिंब यांपैकी काहीही वापरू नये आणि मुलांनाही वापरू देऊ नये.

आधी एकतारी, मग सूर्य

संगणक सुरू करण्याआधी एक संध्याकाळ गावातच घालवावी, असा माझा आग्रह असतो. ज्वारीच्या वावराजवळ विजेच्या दोन खांबांमधल्या तारेवर राघूंचा थवा बसलेला असतो. कुणी गोफण फिरवली की सारा थवा एकदम उडतो आणि तार डोलू लागते. दोन्ही टोके खांबांना पक्की असल्यामुळे तिथे हालचाल नसते, सर्वांत जास्त डोलतो तो मधला भाग, आणि प्रत्येक फेरीला डोलणे थोडे थोडे कमी होत जाते. मोबाइलमधल्या स्टॉपवॉचने चार-पाच फेऱ्यांचा वेळ मोजावा आणि फेऱ्यांच्या संख्येने भागावा. दोलनकाळ काढण्याची ही रीत सूर्यासाठीही जशीच्या तशी लागू पडते. (तारेची उपमा मात्र फार ताणू नये. तिचे डोलणे झोळ आणि गुरुत्वाकर्षण यांवर अवलंबून असते, सूर्यावरच्या कमानीचे नव्हे.)

कमानीला खरी जवळची आहे ती भजनातली एकतारी. एकतारीची खुंटी पिळली की सूर चढतो, जाड तार लावली की उतरतो आणि तार लांब असली तरी उतरतो. म्हणून तारेची लांबी आणि जाडी ठाऊक असेल, तर नुसत्या सुरावरून तिच्यातला ताण सांगता येतो. सूर्यावर तारेच्या जागी चुंबकीय क्षेत्ररेषांना धरून राहिलेली तप्त प्लाझ्माची (विद्युतभारित वायूची) कमान असते, ताणाच्या जागी चुंबकीय क्षेत्र असते आणि जाडीच्या जागी प्लाझ्माची घनता. चुंबकीय रेषांवर अशी लहर धावू शकते, हे स्वीडनच्या हानेस आल्फव्हेन यांनी १९४२ मध्ये मांडले, आणि पुढे १९७० मध्ये त्यांना भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. प्रभामंडळातले चुंबकीय क्षेत्र सरळ मोजणे फार अवघड असल्यामुळे, डोलण्यावरून ते काढण्याच्या या आडवाटेला खरे मोल आहे.

नवशिक्याने लहरींचे तीन प्रकार ओळखावेत. पहिल्यात संपूर्ण कमान आडवी डोलते. इंग्रजी लेखनात हिला किंक लहर म्हणतात आणि सुरुवात हिच्यापासूनच करावी. दुसरी कमानीच्या लांबीने धावणारी दाबाची लहर. तिच्यात कमान जागची हलत नाही, पण तिच्यावरून उजळ-फिकट पट्टे सरकताना दिसतात. तिसरी पिळाची लहर, म्हणजे चऱ्हाट वळताना दोरात शिरणाऱ्या पिळासारखी. काटेकोरपणे आल्फव्हेन लहर म्हणतात ती हिलाच. तिच्यात कमान डोलतही नाही आणि उजळतही नाही. ती साध्या छायाचित्रांत दिसतच नाही, वर्णपटातल्या रेषा रुंदावल्या आहेत का हे पाहून तिचा अंदाज घ्यावा लागतो. त्यामुळे छायाचित्रांवरून 'मी आल्फव्हेन लहर पाहिली' असे वहीत कधी लिहू नये. २००७ मध्ये प्रभामंडळभर पसरलेल्या लहरींचे निरीक्षण प्रसिद्ध झाले तेव्हा त्यांना आल्फव्हेनचे नाव द्यावे की किंक म्हणावे, यावर जाणत्या मंडळींतही वाद झाला. आपण फक्त दिसले तेवढेच लिहावे.

छायाचित्रे कोणती आणि किती

११ फेब्रुवारी २०१० रोजी सोडलेल्या सोलर डायनॅमिक्स ऑब्झर्व्हेटरी या नासाच्या उपग्रहावर एआयए नावाच्या दुर्बिणींचा संच आहे. तो अतिनीलच्या प्रत्येक पट्ट्यात दर १२ सेकंदांनी संपूर्ण सूर्याचे ४०९६ गुणिले ४०९६ ठिपक्यांचे चित्र काढतो. कमानींसाठी १७१ आँगस्ट्रॉम तरंगलांबीचा पट्टा घ्यावा, कारण त्यात सहा-सात लाख अंशांच्या आसपासचा प्लाझ्मा, आणि म्हणून कमानींच्या बारीक कडा, सर्वांत स्वच्छ दिसतात. १९३ चा पट्टा त्याहून तापलेला भाग दाखवतो. ३०४ ची लाल चित्रे देखणी असतात, पण ती खालच्या, थंड थराची असल्यामुळे या कामात त्यांचा मोह टाळलेला बरा.

आता थोडा हिशेब. एका पूर्ण चित्रात १ कोटी ६७ लाखांहून अधिक ठिपके असतात आणि प्रत्येक ठिपक्याला दोन बाइट धरले तरी न दाबलेले चित्र ३३ एमबीचे होते. अर्ध्या तासाची १५० चित्रे म्हणजे जवळजवळ ५ जीबी. दिवसाला दीड जीबीचा रिचार्ज असणाऱ्याने हा विचार सोडून द्यावा. त्याऐवजी पहिल्या फेरीत हेलिओव्ह्यूअर हे संकेतस्थळ वापरावे. तिथे तारीख, वेळ व पट्टा निवडून सूर्याचा हवा तेवढाच तुकडा मोठा करता येतो आणि त्याची छोटी चित्रफीत बनवून उतरवून घेता येते. नेमक्या मोजणीसाठी पुढे स्टॅनफर्डच्या जेएसओसी या भांडारातून मूळ चित्रांचे कातरलेले तुकडे मागवावेत. त्यासाठी ई-मेल नोंदवावा लागतो, पण ४०० गुणिले ४०० ठिपक्यांचे १५० तुकडे ५० एमबीच्या आतच बसतात.

पहिला सराव : १६ ऑक्टोबर २०१०

आजच्या सूर्यापासून सुरुवात करण्याची हौस सर्वांना असते आणि मलाही होती. परंतु आजच्या चित्रात काही डोलले नाही, तर चूक आपली की सूर्यच शांत, हे कळत नाही. म्हणून ज्याचे उत्तर छापून आले आहे, अशी एक जुनी घटना घ्यावी. १६ ऑक्टोबर २०१० रोजी एम २.९ वर्गाची, म्हणजे मध्यम ताकदीची, सौरज्वाला (सूर्यावरचा अचानक ऊर्जास्फोट) उसळली आणि तिच्या धक्क्याने जवळची एक कमान १९:०५ ते १९:३५ या वेळात डोलत राहिली. मार्कस आश्वांडेन आणि कॅरेल श्रायव्हर यांनी २०११ मध्ये तिचे सविस्तर मोजमाप प्रसिद्ध केले. हा भाग बिंबाच्या खालच्या अर्ध्यात, मध्यापासून उजवीकडे आहे.

इथे माझी झालेली फजिती सांगतो. मी दोन रात्री १६ ऑक्टोबरच्या संध्याकाळी सात वाजताची चित्रे धुंडाळत बसलो आणि मला काहीही सापडले नाही. उपग्रहाची वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते. तिथले १९:०५ म्हणजे आपल्याकडची मध्यरात्र उलटून १२:३५, आणि तारीखही १७. मी मात्र घरच्या घड्याळातून साडेपाच तास वजा करून दुपारच्या चित्रांत शिरलो होतो. तेव्हापासून वहीच्या प्रत्येक पानावर वेळेपुढे 'जागतिक' किंवा 'भारतीय' असे लिहिल्याशिवाय मी पुढचा आकडा मांडत नाही.

दुसरी सूचना चित्रफितीविषयी. संकेतस्थळावर एआयएचे प्रत्येक चित्र असेलच असे नाही आणि फितीत एकच चित्र लागोपाठ दोनदाही येते. म्हणून चौकटींतले अंतर गृहीत न धरता कोपऱ्यात छापलेली वेळच टिपावी.

पट्टी कुठे ठेवावी

सगळी कला या पायरीत आहे. फितीतल्या चौकटी एफएफएमपेगसारख्या मोफत साधनाने सुट्या करून घ्याव्यात आणि इमेज-जे या मोफत प्रोग्रॅममध्ये चित्रमालिका म्हणून उघडाव्यात. हा प्रोग्रॅम मुळात सूक्ष्मदर्शकाची चित्रे तपासणाऱ्यांसाठी तयार झाला असून जुन्या संगणकावरही चालतो. मालिका पुढे-मागे फिरवून कोणती कमान डोलते ते आधी डोळ्यांनी हेरावे. मग कमानीच्या शेंड्याजवळ, तिला काटकोनात छेदणारी एक छोटी सरळ रेषा ओढावी. हीच आपली पट्टी. 'इमेज' यादीतल्या 'स्टॅक्स'मध्ये 'रिस्लाइस' ही आज्ञा असते. ती प्रत्येक चौकटीतून त्या रेषेवरचेच ठिपके कापून एकाखाली एक रचते. तयार होणाऱ्या चित्रात आडवे अंतर असते आणि वेळ वरून खाली जाते.

पहिल्यांदा हे चित्र पाहताना निराशा होते. करड्या पार्श्वभूमीवर काही उभ्या, पुसट रेघा, एवढेच दिसते. उजेड-अंधाराचा फरक वाढवून, चित्र आडव्या दिशेने चार-पाच पटींनी ताणून पुन्हा नजर टाकावी. मग त्या रेघांतली एखादी सरळ न जाता डावी-उजवीकडे वळत खाली उतरताना दिसते, बैलगाडीच्या चाकोरीने वळणे घ्यावीत तशी. हीच आपली कमान. शेजारच्या रेघा सरळ आणि ही एकटीच नागमोडी, हे पाहून मन भरते, आणि मुले तर खुर्चीवरून उठतात.

या रेघेचे वळण किती लहान असते, याची कल्पना असू द्यावी. सूर्याचा व्यास सुमारे १३ लाख ९० हजार किमी असून एआयएच्या चित्रात तो साधारण ३,२०० ठिपक्यांत मावतो. म्हणजे एक ठिपका सुमारे ४३५ किमीचा. १६ ऑक्टोबरच्या कमानीचा आयाम, म्हणजे मधल्या जागेपासून एका बाजूला डोलण्याचे अंतर, सुमारे १,७०० किमी, म्हणजे जेमतेम चार ठिपके. यवतमाळ ते मुंबई अंतराच्या दुपटीहून अधिक डोलणारी कमान पडद्यावर चार ठिपके हलते! पट्टी काटकोनात नसेल किंवा शेंड्याऐवजी पायाजवळ ठेवली असेल, तर हे चार ठिपकेही हाती लागत नाहीत. मी एकाच कमानीवर सात-आठ जागी पट्ट्या ठेवतो आणि सर्वांत स्वच्छ दिसलेल्या तिघींची मोजणी करतो.

दाबाची लहर पाहायची असेल तर पट्टी आडवी न ठेवता कमानीच्या लांबीनेच ठेवावी. फुलीवर लावलेली पऱ्हाटी जशी उभी आणि आडवी दोन्हीकडून डवरता येते, तसेच हे. सौरडागावरून पिसाऱ्यासारख्या पसरणाऱ्या कमानी त्यासाठी उत्तम. अशा पट्टीत तिरपे पट्टे उमटतात आणि त्यांच्या तिरपेपणावरून वेग निघतो. डागावरच्या पिसाऱ्यात हे पट्टे बहुधा तीन मिनिटांच्या आसपासच्या अंतराने येतात. दहा लाख अंशांच्या प्लाझ्मातला ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १५० किमी असतो, आणि पट्ट्यांचा दिसणारा वेग त्याहून कमी भरतो, कारण आपण तिरप्या वाटेची फक्त सावली मोजत असतो.

आकडेमोड

नागमोडी रेघेच्या पहिल्या उजव्या वळणापासून चौथ्या उजव्या वळणापर्यंतचा वेळ घेऊन तीनने भागावे. तीन पूर्ण फेऱ्या नसतील तर दोलनकाळ सांगूच नये. १६ ऑक्टोबरच्या कमानीचा छापील दोलनकाळ ६.३ मिनिटे आहे. आमच्या तीन पट्ट्यांवरून सहा ते पावणेसात मिनिटे आले आणि त्यावर आम्ही समाधानी आहोत.

नंतर कमानीची लांबी काढावी. दोन्ही पायांतले अंतर मोजून, कमान अर्धवर्तुळ आहे असे धरून त्या अंतराला १.५७ ने गुणावे. कमान आपल्याकडे कललेली असली तर ही लांबी चांगलीच चुकते, आणि या पद्धतीतली मोठी ढिलाई इथेच आहे. छापील लांबी सुमारे १ लाख ६३ हजार किमी आहे. डोलण्याच्या एका फेरीत लहर कमानीवरून जाऊन परत येते, म्हणून दुप्पट लांबीला दोलनकाळाने भागावे : ३,२६,००० भागिले ३७८ सेकंद, म्हणजे सेकंदाला सुमारे ८६० किमी. हा किंक लहरीचा वेग झाला. आल्फव्हेनचा वेग, म्हणजे कमानीतल्या चुंबकीय रेषेवरून धावणाऱ्या आल्फव्हेन लहरीचा वेग, याहून थोडा कमी असतो. कमानीबाहेरची घनता आतल्यापेक्षा फार कमी असेल, तर किंक वेगाला साधारण १.३६ ने भागले की तो मिळतो. इथे तो सेकंदाला ६३० किमीच्या घरात येतो.

चुंबकीय क्षेत्रासाठी घनता लागते, आणि ती एका पट्ट्याच्या चित्रावरून नवशिक्याने काढण्याच्या फंदात पडू नये. छापील आकडा घ्यावा : घन सेंटिमीटरला सुमारे १९ कोटी इलेक्ट्रॉन. त्याचे वर्गमूळ सुमारे १३,८००. आल्फव्हेन वेगाला (किमी प्रतिसेकंद) या वर्गमुळाने गुणून २१ लाख ८० हजारांनी भागले की क्षेत्र गॉस या चुंबकीय क्षेत्राच्या एककात मिळते. उत्तर येते ४ गॉस, म्हणजे आपल्या पायाखालच्या भूचुंबकीय क्षेत्राच्या सुमारे दहापट. बारावीच्या मुलाला वहीच्या अर्ध्या पानात हे गणित जमते. पण त्या ४ वर फार विसंबू नये. १४ जुलै १९९८ रोजी ट्रेस या उपग्रहाने टिपलेल्या कमानींच्या प्रसिद्ध आंदोलनावरून (दोलनकाळ २५६ सेकंद, लांबी सुमारे १ लाख ३० हजार किमी) तज्ज्ञांनी जेव्हा हेच गणित मांडले, तेव्हा त्यांनाही क्षेत्र ४ ते ३० गॉसच्या दरम्यान आहे, एवढेच सांगता आले.

फसवी आंदोलने

सर्वांत जास्त फसवणूक सूर्याच्या फिरण्याने होते. बिंबाच्या मध्यावर प्रत्येक खूण सेकंदाला सुमारे २ किमी उजवीकडे सरकते, म्हणजे अर्ध्या तासात आठ ठिपके. आपण शोधतो आहोत ते डोलणे चार ठिपक्यांचे! त्यामुळे रेघ नागमोडी आणि तिरपी अशी दोन्ही दिसते, आणि आधी तिरपेपणाची सरळ रेषा आखून ती वजा करावी लागते. संपूर्ण चित्रच थरथरले असेल तर सगळ्या रेघा एकदम वळतात. म्हणून दूरच्या एखाद्या स्थिर उजळ ठिपक्यावर दुसरी पट्टी अवश्य ठेवावी. सौरज्वालेच्या वेळी उपग्रह आपणहून चित्राचा उजेड कमी करतो, त्यामुळे एकाआड एक चौकटी फिक्या-गडद दिसतात. तो लहरीचा परिणाम नव्हे. आणि फेब्रुवारी-मार्च व ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास काही आठवडे रोज थोडा वेळ पृथ्वीच उपग्रह आणि सूर्य यांच्या मध्ये येते, तेव्हा चित्रे काळी पडतात. संगणक बिघडला असे समजून तो दुरुस्तीला नेऊ नये.

यानंतर

एक घटना जमली की दुसरी, अनोळखी घटना घ्यावी. भारताचे आदित्य एल-१ हे यान २ सप्टेंबर २०२३ रोजी सुटले आणि ६ जानेवारी २०२४ रोजी पृथ्वीपासून १५ लाख किमीवरच्या आपल्या कक्षेत पोहोचले. त्यावरचे बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेचे प्रभामंडळलेखी (बिंब झाकून प्रभामंडळ टिपणारे) उपकरण वर्णपटही घेते, म्हणजे छायाचित्रांना न दिसणाऱ्या पिळाच्या लहरीचा माग लागण्याची सोय त्यात आहे. पुण्याच्या आयुकाचे स्यूट हे उपकरण मात्र खालचे थर पाहते, म्हणून कमानींसाठी ते उघडू नये. इस्रोच्या 'प्रदान' या संकेतस्थळावर यानाची माहिती मिळते, पण ती हाताळायला पायथन ही संगणकभाषा आणि तिच्यातला सनपाय हा संच शिकावा लागेल.

मला स्वतःला सध्या वेगळ्याच कमानींनी धरून ठेवले आहे. २०१२-१३ च्या सुमारास असे लक्षात आले की काही कमानी कोणत्याही सौरज्वालेविना डोलत असतात आणि त्यांचे डोलणे विझतही नाही. एकतारी कुणी छेडलेली नाही आणि तरी सूर चालूच आहे, असा हा प्रकार. त्यांचा आयाम एका ठिपक्याच्याही आत-बाहेर असतो. चित्रफितीवर तो दिसणे शक्य नाही, त्याला मूळ चित्रेच हवीत आणि रेघेचा मध्य प्रत्येक ओळीत उजेडाच्या आकड्यांवरून काढावा लागतो. गेल्या महिन्यात एका शांत दिवसाच्या तासाभराच्या चित्रांतून मी असा मध्य ओळीमागून ओळ काढत गेलो. २१० ओळी झाल्या आणि लाइट गेली. उरलेल्या ९० ओळी करायच्या आहेत, आणि आतापर्यंतच्या आलेखात चार फेऱ्या आहेत की पाच, यावर माझे आणि त्या मागच्या बाकावरच्या मुलाचे अजून एकमत झालेले नाही.